साहेबाची नवी कुळं

तुमच्या कानावर आलंय की नाही कोण जाणे, पण पश्चिम लंडनमधल्या मराठी घरांत सध्या जे चाललंय ते सांगण्यासारखं नाही. म्हणूनच सांगते.

चांगली शिकली-सवरलेली, बँकांत आणि हॉस्पिटलांत मानाच्या नोकऱ्या करणारी ही माणसं रविवारी सकाळी घरातून निघतात आणि दुपारी चिखलाने बरबटून परत येतात. नखांत माती, गुडघ्यांवर माती, आणि चेहऱ्यावर, हे तर अगदीच बघवत नाही, समाधान! कुठे गेला होतात म्हणून विचारलं तर म्हणतात, ‘प्लॉटवर.’ मला वाटलं, हिंजवडीला नाहीतर तळेगावला काहीतरी घेऊन ठेवलं असेल. सभ्य माणसाचा प्लॉट म्हणजे गुंतवणूक. तारेचं कुंपण घालायचं, नावाची पाटी ठोकायची आणि दर सुट्टीत जाऊन कुणी आत घुसलं नाही ना, एवढं बघून यायचं. यांचा प्लॉट कौन्सिलचा. भाड्याचा. आणि त्यात हे चक्क पालेभाजी लावतात!

गणपतीत पूर्वी कसे घरंदाज विषय असायचे. कुणाच्या मुलीला ग्रामर स्कूल मिळालं, कुणाच्या मॉर्गेजचा दर वाढला, कुणाच्या मागच्या खोलीला परवानगी नाकारली आणि ती कुणाच्या तक्रारीवरून नाकारली. यंदा प्रसादाच्या रांगेत माझ्या मागून आवाज आला, ‘तुम्ही घोड्याचं वापरता की कोंबडीचं?’ विचारणाऱ्या बाई भरजरी पैठणीत होत्या. उत्तर देणारे गृहस्थ हृदयरोगतज्ज्ञ.

तर प्रकरण असं आहे. इंग्लंडात गावाच्या कडेला, रेल्वेरुळांलगत, दफनभूमीच्या मागे अशी जमीन राखून तिचे तुकडे पाडलेले असतात. भाजीपाला लावायला ते वर्षाच्या भाड्याने मिळतात. त्याला म्हणायचं अलॉटमेंट. १९०८ च्या कायद्याने मागणी असेल तिथे अशी जमीन देणं स्थानिक कौन्सिलांवर बंधनकारक झालं. भाडं गावागावाप्रमाणे वेगळं, पण लंडनच्या मानाने किरकोळच. तेवढ्यात मध्य लंडनमध्ये दोघांचं एक जेवणही धड होत नाही. तुकड्याचं माप मात्र अजून ‘पोल’मध्ये. पोल म्हणजे साडेपाच यार्डांची काठी, आणि पूर्ण तुकडा दहा चौरस पोलांचा. आमच्या ओळखीतल्या एका हिशेबी काकांनी (नाव घेत नाही, त्यांच्याकडून भोपळा यायचाय) कागदावर मांडून दाखवलं की हे होतात अडीच गुंठे. जवळपास नव्हे, बरोबर अडीच. एकरात एकशे साठ पोल, एकरात चाळीस गुंठे, भागून बघा.

अडीच गुंठे! आणि ते कुणी घ्यावेत? तर ज्यांच्या पणजोबांच्या नावावर कोकणात अख्खे डोंगर होते, त्यांनी. या घरांमधून तीन पिढ्या एकच रडगाणं चाललंय. कूळकायदा आला आणि गेलं सगळं. कायदा १९४८ चा. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला, त्या दिवसापासून कसणारं कूळच जमिनीचं मालक मानलं गेलं आणि हे लोक पुण्या-मुंबईच्या दोन खोल्यांत भिंतीवर टांगलेल्या पणजोबांच्या फोटोकडे बघत बसले. आंबे कुळांनी खाल्ले, भात कुळांनी खाल्लं, फणससुद्धा पाठवत नाहीत मेले. आता त्याच पणजोबांचा पणतू हॅरोत बसून कौन्सिलच्या करारावर सही करतो. सहीखाली छापलेलं काय? टेनंट. म्हणजे कूळच की हो! आणि इथे कसेल त्याची जमीन वगैरे भानगड नाही. तीस वर्षं कसा, चमचाभर माती तुमची होत नाही. उलट दोन महिने कसली नाही तर पत्र येतं की तुमच्या तुकड्यात तण माजलंय, ठरल्या मुदतीत साफ करा, नाहीतर निघा. एका वहिनींना असं पत्र आलं तेव्हा सासूबाई फोनवर म्हणाल्या म्हणे, ‘आपण कधी कुळांना इतकं छळलं नव्हतं.’ पलीकडे कुणीतरी खोकलं.

तारखेवरून आठवलं. आपल्याकडे १ एप्रिलला कुळं मालक झाली ना? साहेबाच्या देशातही १ एप्रिललाच असला एक प्रताप घडला होता, त्याच्या तीनशेआठ वर्षं आधी. १६४९ साली जेरार्ड विन्स्टॅन्ली नावाचा एक गृहस्थ काही गोरगरिबांना घेऊन सरे परगण्यातल्या सेंट जॉर्जेस हिल या माळावर गेला आणि जमीन सगळ्यांची आहे असं म्हणत त्यांनी ती खणायला सुरुवात केली. लावलं काय? गाजर, पार्सनिप, शेंगा. बंड म्हणावं तर तेही भाजीचं! काही महिन्यांत आसपासच्या जमीनदारांनी त्यांना मारझोड करून हुसकून लावलं. आज त्या टेकडीवर फाटकाआड अब्जाधीशांचे बंगले आहेत आणि गोल्फचं मैदान आहे. तिथे गाजर लावायला गेलात तर आजही तोच पाहुणचार होईल.

पुढे जमीनदारांनी गायरानं कुंपणात घेतली, तेव्हा १८४५ च्या कायद्यात कष्टकरी गरिबांसाठी थोडे तुकडे बाजूला ठेवण्याची तरतूद झाली. १९२२ च्या कायद्यात तर लिहिलंय की पीक मुख्यतः स्वतःच्या आणि घरच्यांच्या खाण्यासाठी हवं. म्हणजे मूळ हेतू मजुराच्या ताटात बटाटा पडावा, हा. आणि आता रांगेत कोण? सॉफ्टवेअरवाले, सॉलिसिटर, पॅथॉलॉजिस्ट. २०२३ साली ग्रीनपीसने कौन्सिलांकडून आकडे मागवले तर देशभर पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं यादीत ताटकळत होती. कोविडच्या टाळेबंदीत अर्ज वाढले ते वाढलेच. लंडनच्या काही भागांत तर यादीच बंद. एका दांपत्याने बाळाचं नाव पाळणाघराच्या यादीत आणि आपलं नाव प्लॉटच्या यादीत एकाच आठवड्यात घातलं. बाळ आता माध्यमिक शाळेत जातं.

दुसऱ्या महायुद्धात एवढी रांग नव्हती, कारण तेव्हा सरकारच पाठीमागे लागलं होतं की खणा बाबांनो, खणा. प्लॉटांची संख्या चौदा लाखांच्या घरात गेली होती. टॉवर ऑफ लंडनच्या खंदकातसुद्धा भाज्या लावल्या होत्या. ज्या किल्ल्यात राण्यांची मुंडकी उडाली, त्याच्याच खंदकात कोबीचे गड्डे. पण ते युद्ध होतं, जहाजं बुडत होती, अन्न मोजून मिळत होतं. यांना काय झालंय? घरापासून चार पावलांवर गुजराती दुकान, तिथे मेथी आहे, गवार आहे, ओला नारळ आहे, चिमूटभर हुज्जत घातली तर मिरच्या फुकट आहेत.

नवशिक्याची लक्षणं जानेवारीतच दिसू लागतात. बाहेर अंधार, थंडी, पाऊस, आणि घरात बियांच्या पाकिटांचा ढीग. एका पाकिटात लेट्यूसचं शेकडो बी असतं. घरात खाणारी माणसं चार, त्यातल्या दोघांना लेट्यूस म्हणजे बकरीचं खाणं वाटतं. तरी पाकिटं पाच रंगांची. मग फेब्रुवारीत बटाटे. अंड्यांच्या रिकाम्या खोक्यांत एकेक बटाटा उभा करून खिडकीत ठेवतात, कोंब यायला. परवा एका घरी गेले तर बसायला जागा नाही. दिवाणखान्यातल्या चांगल्या खुर्चीवर ओळीने बटाटे, आणि पाहुण्यांना सांगतात, ‘जरा सांभाळून, ते उजेडात ठेवलेत.’ आम्ही बापडे अंधारात बसलो.

एप्रिलमध्ये चार दिवस ऊन पडलं की यांचा धीर सुटतो. दक्षिण इंग्लंडातसुद्धा मेच्या मध्यापर्यंत रात्री दहिवर गोठू शकतं, हे प्रत्येक पुस्तकात पहिल्या पानावर लिहिलेलं असतं. पण आपल्या माणसाला ऊन दिसलं म्हणजे उन्हाळा आला. टोमॅटो, भोपळे, घेवडे, सगळी खिडकीत वाढवलेली रोपं एका दिवसात बाहेर. दुसऱ्या दिवशी पहाटे सगळी काळी. शेजारच्या तुकड्यावरचा म्हातारा इंग्रज येऊन बघतो, चहाचा घोट घेतो आणि म्हणतो, ‘थोडी घाई झाली का?’ इंग्रज माणूस तोंडाने एवढं म्हणाला म्हणजे समजावं की काही उरलेलं नाही.

त्यात पंथ आहेत, बरं का. एक पंथ खणणाऱ्यांचा, दुसरा न खणणाऱ्यांचा. न खणणाऱ्यांचे गुरू सॉमरसेटचे चार्ल्स डाउडिंग. त्यांचं सांगणं असं की माती उलटीपालटी करू नका. तणावर जाड पुठ्ठा अंथरा, वर चांगलं कुजलेलं खत पसरा आणि त्यातच लावा. खालचं तण उजेडावाचून दबतं, गांडुळं आपलं काम करतात. यामुळे आमच्या मंडळींची ऑनलाइन खरेदी वाढली आहे, कारण खोके हवेत. वस्तू आली की वस्तू बाजूला आणि खोका आधी ताब्यात. एका घरात नवरा खणणारा, बायको न खणणारी. प्लॉटच्या मधोमध दोरी बांधली आहे. तो तिच्या बाजूला पाऊल टाकत नाही, माती दबते म्हणून. खणणाऱ्या नवऱ्याने पहिल्याच महिन्यात यंत्र भाड्याने आणून आपला अर्धा भाग फिरवून घेतला, आणि त्यात होती बाइंडवीडची पांढरी मुळं. त्या मुळाचा प्रत्येक तुकडा म्हणजे एक नवी वेल. जूनमध्ये त्याच्या बाजूला दाट हिरवी चादर होती आणि बायको एक शब्द बोलली नाही. संसार टिकवायचा तर असं जमायला हवं.

मला विचाराल तर नवशिक्याला अडीच गुंठे देणं हाच अत्याचार आहे. अर्धा तुकडा घ्यावा, त्यातलाही अर्धा पुठ्ठ्याखाली झाकून ठेवावा आणि उरलेल्यात जे घरात रोज खातो तेच लावावं. पण हे ऐकतो कोण? यांना आर्टिचोक हवेत.

आता शेणाबद्दल. यांच्या बापांनी पोरांना वाढवलं कसं? ‘शिकला नाहीस तर शेण काढावं लागेल,’ या एका वाक्यावर. पोरगा शिकला. इंजिनियर झाला, पुढे आणखी काहीतरी झाला, लंडनला आला, जर्मन गाडी घेतली. आणि आता दर शनिवारी त्या गाडीच्या मागच्या बाजूला ताडपत्री अंथरून तो घोड्यांच्या तबेल्यातून लीद भरून आणतो. तबेलेवाले फुकट देतात, वर फावडंही देतात. फुकट म्हटल्यावर मराठी माणूस किती पोती भरणार याचा अंदाज तुम्हाला आहेच. गाडीतला वास जात नाही. मुलगी शाळेपासून दोन गल्ल्या अलीकडे उतरते.

आणि त्या लिदीतही काळंबेरं असू शकतं! कुरणात रुंद पानांचं तण मारायला अमिनोपायरॅलिड नावाचं औषध मारतात. गवताला ते काही करत नाही. गवत घोडा खातो, औषध घोड्याच्या पोटातून जसंच्या तसं बाहेर पडतं आणि खतातून आपल्या टोमॅटोला, बटाट्याला, घेवड्याला भोवतं. शेंडे मुरडतात, पानं नेच्यासारखी आवळतात. एका घरचा अख्खा हंगाम असा गेला. तेव्हापासून त्या घरचे काका नवं खत आलं की थोडं कुंडीत घालतात, त्यात घेवडा पेरतात आणि पानं सरळ येतात का ते दोन-तीन आठवडे बघतात. घोडा कुठे चरतो, वैरण कुठून येते, मालक काय फवारतो, सगळी चौकशी. काकू म्हणतात, ‘लेकीचं ठरवताना एवढं विचारलं असतं तर!’

आता ज्याची खरी कुजबुज आहे ते सांगते. खिडकी लावून घ्या. एक माळकरी घर. चातुर्मासात कांदा-लसूण बंद, एकादशीला निर्जळी, दारू तर सात पिढ्यांत कुणी हुंगलेली नाही. या घरच्या यजमानांना परवा सुपरमार्केटमध्ये आपल्यातल्याच एकांनी पाहिलं. ट्रॉलीत सगळ्यात स्वस्त बिअरचे कॅन. एक-दोन नाही, खोकं. बातमी ते घरी पोचायच्या आत सोलापूरला पोचली. आईचा फोन आला, ‘बिअर कोणासाठी रे?’ हे म्हणाले, ‘गोगलगाईंसाठी, आई.’ आई फोनवर रडायला लागल्या. पिणाऱ्यांच्या सबबी त्यांनी ऐकल्या होत्या, पण ही पहिलीच.

गृहस्थ बोलले ते खरं होतं हो. ओल्या हवेत बिनशंखाच्या गोगलगाई रात्रीत बाहेर पडतात आणि कोबीच्या कोवळ्या रोपांचा सकाळपर्यंत देठसुद्धा ठेवत नाहीत. पूर्वी लोक निळ्या गोळ्या टाकायचे. त्यातलं मेटाल्डिहाइड साळिंदरासारख्या काट्यांच्या हेजहॉगला आणि पाखरांना मारतं, म्हणून २०२२ पासून ग्रेट ब्रिटनमध्ये बाहेर वापरायला बंदी आली. मग उरलं काय? फेरिक फॉस्फेटच्या गोळ्या, पाण्यात कालवून ओतायचे सूक्ष्म जंतू, नाहीतर मातीत पेला पुरून त्यात बिअर. यीस्टच्या वासाने गोगलगाय येते, आत पडते आणि संपते. माळकरी गृहस्थांचं म्हणणं, ‘मी मारत नाही, ती आपल्या पायांनी जाते.’ गोगलगाईला पाय असतो एकच, पण अशा वेळी कोण मोजतो? सकाळी त्या पेल्यांतून जे निघतं ते फेकायचं काम त्यांनी मुलाकडे दिलंय. मुलगा महिन्याचे पैसे घेतो.

ज्यांना तेवढंही पाप नको, ते रात्री कपाळावर दिवा बांधून गोगलगाई वेचतात आणि डब्यात भरून लांब सोडून येतात. ‘लांब’ म्हणजे नेमकं कुठे, यावरून दोन घरांचं बोलणं बंद आहे. शंखाच्या गोगलगाई थोड्या अंतरावर सोडल्या तर परत येतात, असं इथे प्रयोग करून पाहिलेलं आहे. तेव्हा परत आलेल्या कुणाच्या आणि सोडलेल्या कुणाच्या, हे ठरवायला एका वकिलाने गोगलगाईंच्या शंखांवर नेलपॉलिशचे ठिपके दिले आहेत. लाल ठिपक्यांच्या चार गोगलगाई पलीकडच्या घराच्या कोबीत सापडल्या. पुढचं विचारू नका.

पण मला सगळ्यात धक्का बसला तो मेथीचा. इथल्या पुस्तकांत मेथी कशात येते माहीत आहे? भाजीत नाही, मसाल्यात नाही. हिरवळीच्या खतात! बी पेरतात, वीतभर-हातभर वाढू देतात आणि फुलायच्या आत कापून जमिनीत गाडतात. अख्खा वाफा! कोवळी, लुसलुशीत मेथी! एक गोरी बाई हेच करत होती. बाजूला आपल्या एक काकू उभ्या होत्या, त्यांनी ‘अहो थांबा’ म्हणून त्या गोऱ्या बाईचा हातच धरला. बाई घाबरली. काकूंनी तिच्याच वाफ्यातून दोन जुड्या कापल्या आणि संध्याकाळी तिच्या दारात ठेपले पोचवले. तेव्हापासून ती गाडायची मेथी वेगळी आणि खायची वेगळी पेरते. बी कुठून आणते? आपल्याच दुकानातून, फोडणीचे मेथीदाणे. बागेच्या दुकानातलं पाकीट तिने बंद केलं.

याच काकूंची दुसरी कीर्ती चाकवताची. इंग्रजाच्या प्लॉटमध्ये जे तण सर्वांत जास्त माजतं त्यांतलं एक म्हणजे आपला चाकवत. तोच, चेनोपोडियम अल्बम. हे लोक उपटून कंपोस्टच्या ढिगावर फेकत होते. काकूंनी पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून पिशवी घेऊन ओळीने सगळ्यांच्या तुकड्यांवर फिरायला लागल्या. लोकांना वाटलं, काय परोपकारी बाई, आमचं तण काढते! आणि घरी ताकातली पातळ भाजी, हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे, वरून लसणाची फोडणी. हंगामभर फुकट. मग कुणीतरी विचारलं, तुम्ही त्याचं करता काय? काकूंनी भोळेपणाने वाटी पुढे केली. संपलं. आता सगळा प्लॉट चाकवत राखून ठेवतो आणि काकूंना मोजून देतो. चांगल्या स्वयंपाकाचा तोटा तो हा.

प्लॉटवाल्यांच्या समितीचं राजकारण मी सांगत बसत नाही. सोसायटीच्या सभेला गेला असाल तर तेच समजा, फक्त पाण्याच्या टाकीऐवजी पाण्याची टाकी. कुणाची खोपटी ठरल्यापेक्षा मोठी, कुणाच्या सफरचंदाची सावली कुणाच्या वाफ्यात, नळी लावून पाणी कोण घालतं. मजूर पक्षाचे माजी नेते जेरेमी कॉर्बिनसुद्धा उत्तर लंडनमध्ये प्लॉट कसतात आणि जॅम करतात. तेव्हा राजकारण तिथे नवं नाही. १९५० च्या कायद्याने कोंबड्या आणि ससे पाळायची मुभा आहे. कोंबड्याला मात्र नाही, तो आरवतो. एका मराठी घरात सध्या या विषयावर बोलणी चालू आहेत. ‘अंडी चालतात, पण ती घालणारी दारात नको,’ असा सासूबाईंचा पवित्रा आहे.

ऑगस्टमध्ये मग सूड उगवतो. कोर्जेट! मुंबईच्या मॉलमध्ये झुकिनी म्हणून पाव किलोला सोन्याचा भाव लावतात ती. नवशिके चार माणसांसाठी सहा वेल लावतात, जिथे दोन पुष्कळ झाले. दोन दिवस नजर चुकली की बोटाएवढी कोर्जेट दंडाएवढी होते. मग तिचं सगळं होतं. भाजी, भरीत, थालीपीठ, कोशिंबीर, वड्या, आणि एका घरात हलवा, जो मी खाल्ला आहे आणि ज्याबद्दल मी जाहीरपणे काही बोलणार नाही. शेवटी वानवळा. गावी शेतातलं पहिलं पीक शेजारीपाजारी द्यायचे तो वानवळा किती प्रेमाचा. हा नव्हे. हे लोक बेल वाजवून पळून जातात. दार उघडावं तर पायरीवर पिशवी आणि गल्लीच्या टोकाला जर्मन गाडीचे मागचे दिवे.

खर्चाचं बोलायचं नाही, असा त्यांच्यात अलिखित ठराव आहे. खोपटी, फावडी, खत, जाळ्या, गाजरावर अंथरायचं पातळ कापड (गाजरमाशी जमिनीलगत उडते, म्हणून), बिअर, पेट्रोल. सुपरमार्केटात गाजर पौंडाच्या आत किलोभर मिळतं. घरच्या गाजराला दोन पाय फुटलेले, एकाला तर तीन. ते धुऊन, फोटो काढून, पुण्याच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकतात. खाली चाळीस जण अंगठे दाखवतात. जुलैत पाऊस आणि ऊब एकत्र आली की बटाट्यावर करपा येतो, तोच ज्याने १८४५ पासून आयर्लंडमध्ये दुष्काळ घडवला. त्याचे फोटो मात्र कुणी टाकत नाही.

या सगळ्यांत खरी शेती येते कुणाला? सांगली-साताऱ्याकडून मेमध्ये सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या आईवडिलांना. आईने चेक-इन बॅगेत खुरपं आणलेलं असतं, लोणच्याच्या बरणीशेजारी, पंच्यात गुंडाळून. बाप पहिल्या दिवशी हात पाठीमागे बांधून बांधावर उभा राहतो आणि म्हणतो, ‘हे होय? ह्यात बैल वळायचा न्हाई.’ दुसऱ्या दिवशी पोरगा कामाला गेला की एकटाच बसने जातो. तिसऱ्या दिवशी वाकड्या ओळी सरळ झालेल्या असतात, दोरी लावून. इंग्रज लोक गुडघ्याखाली उशी घेऊन वाफ्याशी झुंजत असतात आणि हा माणूस तासन्‌तास उकिडवा बसून खुरपतो. ते बघायला म्हातारे इंग्रज चहा घेऊन येतात. भाषा येत नाही, कुणाचं अडत नाही. हा बोट आभाळाकडे करतो, तो मान हलवतो. गावी फोनवर सांगतो, ‘माती चिकण हाय, पण वाईट न्हाई. पाऊस रोज येतोय, कामाचा एकबी न्हाई.’

पोरगा संध्याकाळी येऊन त्याला रासायनिक खतांचे तोटे सांगतो. कीटकनाशकं, मातीतले जीवाणू, ऑरगॅनिक. बाप ऐकून घेतो. गावाकडे ऊस आहे, सोसायटीचं कर्ज आहे आणि कोपऱ्यात युरियाच्या गोण्या आहेत. म्हणतो, ‘तुला ह्याच्यावर पोट भरायचं न्हाई, म्हणून तुला परवडतंय.’ एवढं बोलून टोमॅटोचे बगलफुटवे खुडायला लागतो. पोरगा गप्प. मग तोही वाकतो. ही गोष्ट मला तिथे हजर असलेल्या सूनबाईंनी सांगितली. त्यांनी कुणाला सांगू नका म्हटलं होतं.

आणि एवढं सगळं दिसत असूनही हे वेड ओसरत नाहीये. ताजी बातमी अशी की आमच्या भागातल्या काही घरांनी यादीला कंटाळून कायदाच उघडला. १९०८ च्या त्या कायद्यात कलम आहे की सहा नोंदणीकृत मतदारांनी किंवा कौन्सिल टॅक्स भरणाऱ्यांनी मिळून लेखी मागणी केली तर कौन्सिलला तिचा विचार करावाच लागतो. आतल्या लंडनच्या कौन्सिलांना जमीन देण्याचं बंधन नाही, पण आम्ही बाहेरचे. सहा मराठी माणसं, एका कागदावर! मला तर हसूच आलं. पण पाच सह्या झाल्या आहेत, मी स्वतः पाहिल्या. सहावी ज्यांची हवी ते म्हणतात, सही करीन, पण जमीन मिळाली तर पाण्याच्या नळाजवळचा तुकडा माझा, आणि ते आधी लिहून द्या. बाकी पाच जण गेल्या रविवारपासून मसुदा करतायत. त्यातल्या दोघांनी स्वतंत्र वकील केला आहे. एक तोच, नेलपॉलिशवाला.